नाव कापलेली गोळी

आमच्या कोन गावच्या नाक्यावर कल्याणची रिक्षा भरत आली, तेव्हा बाबांनी माझ्या मुठीत कागदाची पुडी कोंबली. आत गोळ्या होत्या, पट्टीतून कात्रीने कापलेल्या. "डोका दुखला तं घे बाय. पुन्यात कोन देनार हाय तुना?" घरातून कॉलेजसाठी गाव सोडणारी मी पहिलीच. त्यांना दुसरं काय द्यावं ते सुचलं नसावं.

पुण्यात मी फार्मसीच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. एकदा हॉस्टेलवर खरंच डोकं दुखलं. पुडी सोडली आणि गोळी हातात धरून बसले. तुकड्यावर ना नाव, ना तारीख. वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही, हे वर्गात नुकतंच शिकले होते. बाबांनी मायेने दिलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा? कसंतरीच वाटलं. पण गोळी घेतली नाही.

बाबा स्वतः अशा किती गोळ्या घेत असतील, ही शंका डोक्यात राहिली; दिवाळीत घरी आले ती त्यांच्यावर नजर ठेवूनच. ते काल्हेरच्या गोदामात गाड्या भरायचे. सकाळी किराणा दुकानातून अंगदुखीच्या दोन. गोदामात गाडी लागली की मुकादम चहाबरोबर दोन देई, दुसरी लागली की परत दोन. रात्री नाक गळतंय म्हणून आईकडच्या सर्दीच्या दोन. ज्याला विचारावं तो म्हणे, "दोनच तं दिल्यान."

दुकानदारकाकांकडे मी पट्टीचं नाव असलेलं टोक मागितलं. "पोलिसात लागलीस काय गं?" म्हणत त्यांनी ते दिलं. मुकादमाकडची रिकामी पट्टी बाबांनी कुरकुरत आणली. आईच्या गोळ्याही पाहिल्या. रंग वेगळे, नावं वेगळी, पण बारीक अक्षरात सगळीकडे पॅरासिटामॉल. मुकादमाच्या तर साडेसहाशे मिलिग्रॅमच्या, बाकीच्या पाचशेच्या; बेरीज केली, तर मोठ्या माणसाची दिवसाची चार हजारांची मर्यादा ओलांडली होती. वर संध्याकाळची ताडी.

"लिव्हर जातं ह्याने, बाबा. आणि आधी कळतही नाही."

बाबा भडकले. "चार बुका वाचल्यास नं आता आयशीवर पन वहीम? ती मना जहर देतंय काय?"

आई उठली. तिने तिचा गोळ्यांचा डबा जमिनीवर पालथा केला आणि गोळ्यांकडे बघत राहिली, जणू त्या पहिल्यांदाच दिसत होत्या. मग म्हणाली, "पोर बोलतंय तं उद्या डाक्टरकडं चला. खोटी निघाली तं मीच तिला हाणीन."

मी खोटी निघावी असं मलाही वाटत होतं. रक्त तपासलं, लिव्हरला इजा झाली होती. भरून येईल, पण गोळ्या आणि ताडी आजपासून बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबा बरेच दिवस घरी बसले. माझ्याशी बोलत नव्हते, पण कुणी काही दिलं की आधी माझ्यापुढे धरायचे.

तुमच्यापैकी जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्याही घरी असा डबा असेल. तो उघडून वाचा. आपली माणसं वाईट नसतात. फक्त दुसऱ्याने आधी काय दिलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

आता मी निघते तेव्हा नाक्यावर बाबा अख्खी पट्टी देतात, न कापलेली. "वाचून घे बाय. मी दिली म्हनून खाऊ नको." मी नाव वाचते, तारीख वाचते. माझं वाचून होईपर्यंत ते रिक्षाचा दांडा धरून ठेवतात, सोडत नाहीत. आता मला घर म्हटलं की तो दांडा धरलेला हात आठवतो.