निरंजन सरांची हजेरी

लवळ्याच्या टेकडीवरच्या विद्यापीठात निरंजन सरांचा दरारा होता तो हजेरीमुळे. गैरहजर मित्राच्या नावाला कुणी ‘येस सर’ म्हटलं, की सर तो आवाज नेमका ओळखायचे आणि त्याला वर्गाबाहेर काढायचे. ते स्वतः घरी कधी असतात, हे मात्र विचारू नये. विभागप्रमुखांनी रविवारी बोलावलं तरी हा माणूस मान डोलावणार. ‘नाही’ म्हणायला जीभच रेटायची नाही.

त्या शुक्रवारी त्यांच्या चौथीतल्या लेकीच्या, दिशाच्या, शाळेत गोष्ट सांगायचा कार्यक्रम होता. दिशाच्या आईला हिंजवडीतल्या कंपनीत सुट्टी मिळाली नव्हती.

“बाबा, तुम्ही समोर बसाल ना?”

“बसणार म्हणजे बसणार!”

सकाळी विभागप्रमुखांनी नेमका कार्यक्रमाच्याच वेळी जादा तास घ्यायला सांगितला आणि सर लगेच ‘हो’ म्हणाले. घरी एक फोन करायचंही सुचलं नाही. काय म्हणावं या माणसाला!

तासाला रुहीचं नाव घेतलं, तर उत्तर नाही. रुही म्हणजे सरांच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी. तास संपता संपता ती धापा टाकत दारात आली.

“कुठं होतीस?”

“सर, नंतर सांगते.”

“इथंच सांग. सगळ्यांना कळू दे.”

रुही खाली बघत म्हणाली, “दिशाच्या शाळेत, सर. घरचं कुणीतरी हवं होतं.”

वर्ग हसला असता तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. सरांचे कान तापले. मान वर न करता ते बाहेर पडले आणि तडक घरी आले.

ओट्यावर त्यांची आई, गोजराबाई, बसली होती.

“पोरगी नटूनथटून फाटकापाशी हुबी व्हती, तुजी वाट बघत. माजं गुडघं चालत न्हाईत, म्हून मीच रुहीला धाडली. लाज न्हाई वाटत तुला?”

वाटत होती. तोंड कुठं लपवावं कळेना, इतकी वाटत होती.

दिशा आत चित्र रंगवत होती. ती रुसलीही नव्हती, हेच सरांना जास्त लागलं.

“गोष्ट कशी झाली, बाळा?”

“छान. बाईंनी विचारलं, बाबा आलेत का?”

“मग?”

“मी सांगितलं, आलेत. मागं उभे आहेत.”

इतकी वर्षं खोट्या हजेऱ्या पकडणाऱ्या सरांना लेकीकडे बघवेना.