कैसराला घातलेला हार

माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे न्यू जर्सीत काम मिळालं तेव्हा मी रोज जीव मुठीत धरूनच जायची. काम एका जर्मन आजींना दिवसभर सोबत करण्याचं. त्यांची मुलगी ऑफिसला जायची. "एक महिना बघू," एवढंच म्हणाली होती ती. नवऱ्याची नोकरी गेलेली, आम्ही दिरांच्या बेसमेंटमध्ये, आणि जाऊबाई हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. हा महिना निभायलाच हवा होता.

चौथ्या आठवड्यात जिन्याखालचं कपाट झाडताना एक मोठी तसबीर सापडली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. वर वळवलेल्या मिशा, छातीवर पदकं. आजींचे वडील असणार, मी ठरवूनच टाकलं. नेमका पितृपंधरवडा चालू होता. बापमाणसाला असं अंधारात ठेवलेलं बघून मला कसंसंच झालं. काच पुसली, तसबीर जेवणाच्या खोलीत मांडली, अंगणातल्या झेंडूचा हार करून घातला, उदबत्ती लावली, हात जोडले.

दुपारची झोप काढून आजी काठी टेकत आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे कोणी केलं?"

"मी, आजी. तुमचे वडील ना..."

त्यांनी खुर्ची धरली. खांदे हलायला लागले. रडतायत! गेलं काम, मला वाटलं. पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं मुली, हा आमचा कैसर, जर्मनीचा बादशहा! माझ्या बापानेच ह्याला शाळेच्या भिंतीवरून खाली उतरवलं!"

मग त्यांनी मला कळेल अशा सोप्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. पहिलं महायुद्ध हरत आलेलं. त्यांच्या बंदराच्या गावात खलाशांनी बंड केलं, कामगार लाल निशाणं घेऊन रस्त्यावर आले. आठवडाभरात कैसर हॉलंडला पळाला, राजेशाही संपली. वडील शाळेत शिपाई. तसबीर जाळून टाक, असा त्यांना हुकूम झाला. आई म्हणाली, "चौकट चांगली आहे. आणि तो परत आला तर?" म्हणून तोंड भिंतीकडे. वडील तिला जन्मभर चिडवायचे, "काय गं, आला का तुझा पाहुणा?"

"तुम्हाला भीती नाही वाटली, राजा गेला तेव्हा?"

"मी दहा वर्षांची. भाऊ सतराचा. आता त्याला लढाईवर जावं लागणार नव्हतं. आई त्या दिवशी स्वयंपाक करताना गाणं म्हणत होती."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मी हार काढायला धावले.

"राहू दे," आजी म्हणाल्या.

मुलगी आत आली. "मॉम, हे काय?"

"मीच सांगितलं तिला. पासष्ट वर्षांनी पाहुणा आलाय, हार नको?"

मुलीने तसबिरीकडे पाहिलं, मग आईच्या ओल्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडे.

"बाबा गेल्यापासून ही अशी हसली नव्हती," ती म्हणाली. "सोमवारी ये. महिन्याचं बोलणं विसर आता."

परतताना बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली, की माझा स्टॉप कधीच मागे पडला. तीन स्टॉप परत मागे चालत आले, पण पायांना काही जाणवलं नाही.