शेपटीतल्या अक्षता

कालव्याच्या काठाने निम्मी वाट सरल्यावर जयंतभावजी पहिल्यांदा बोलले. "वहिनी, गाद्या भिजत नाहीत ना?"

गाद्या माझ्या पिशवीत होत्या, त्यांच्या विमानाच्या सीटांच्या. भिजत आम्ही होतो. एरवी ते गाडीने जात, पण गाडी त्याच आठवड्यात एमओटीत, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, नापास झाली. त्यांची बायको सुप्रभा माझी जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "चार चाकं पास होईनात, आणि हे पंख पास करायला निघालेत." आणि तिने आम्हा दोघांना बसने धाडलं. बस गावाबाहेर सोडते. तिथून शेतावरच्या धावपट्टीपर्यंत कालव्याने चालायचं.

भावजींची सगळी नोकरी कॉव्हेंट्रीच्या कौन्सिलात, पार्किंगच्या दंडाला लोकांनी दिलेली कारणं वाचण्यात गेली. घरी आल्यावर ते गॅरेजमध्ये विमान बांधत. लाकडाचं, वरून कापड, दोन माणसांचं. गॅरेज पुरेना तेव्हा पंख जेवणाच्या खोलीत आले, आणि आम्ही त्यांच्याकडे जिन्यावर बसून जेवायला शिकलो. पंखांचं कापड ताणून बसवायला इस्त्री लागते. ती सुप्रभाची. तिने नवी मागितली तर भावजी म्हणाले, "हिला काय झालंय?"

मी घरी कपडे दुरुस्त करून देते, म्हणून गाद्या माझ्याकडे. घरी बांधलेलं विमान दर वर्षी तपासनीसाने पास करावं लागतं. त्याआधी इंजिनावरचं झाकण, तळाच्या फळ्या, सीटा, सगळं उघडून ठेवायचं. गाद्या त्यातच सुटल्या. मी त्या धुतल्या आणि उसवलेलं शिवून टाकलं.

यंदा पास होणं भावजींना फार हवं होतं. मागे एकदा इंजिन बंद पडून ते बटाट्याच्या शेतात उतरले आणि बसने घरी आले. सुप्रभाने विचारलं, "विमान कुठंय?" म्हणाले, "बटाट्यात." त्यानंतर तिने विमानाचं नाव काढलं नाही. गेल्या दसऱ्याला मात्र ती आपणहून आली. नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आत मूठभर अक्षता टाकल्या. म्हणाली, "या आत आहेत तोवर मी बसेन. उन्हाळ्यात समुद्र दाखवा." एवढी वर्षं ती दुसरी सीट रिकामीच उडत होती. भावजींनी त्या दिवशी घरी येऊन नकाशा काढला, तो अजून घडी घालून ठेवलेला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तपासनीस पिकरिंगसाहेब पत्र्याच्या शेडमध्ये आलेले होते. वयस्क माणूस, टॉर्च आणि दांडीला लावलेला छोटा आरसा घेऊन फिरणारा. इंजिन बघून झालं, चाकं झाली, पंख झाले. मी खुर्चीवर बसून मनात देवाचं नाव घेत होते. ते शेपटीशी पोचले आणि थांबले. आत हात घालून एक दाणा काढला.

"उंदीर," ते म्हणाले. "उंदीर असतील तर कापड फाडून लाकूड तपासायला हवं. म्हणजे उन्हाळा गेला."

भावजींनी जन्मभर लोकांची कारणं वाचली होती, पण स्वतःचं एकही सुचेना. शेवटी मीच म्हटलं, "उंदीर तांदळाला कुंकू लावत नाहीत."

साहेबांनी दाणा टॉर्चपुढे धरला. "मग कोण लावतं?"

"यांची बायको."

"कशासाठी?"

"विमान पडू नये म्हणून."

"शेपूट वळवणारी तार आहे, तिच्या कप्पीत हा दाणा अडकला तर पडेल," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "सगळे बाहेर काढा, मग मी सही करतो."

भावजींनी हूवर, धूळ ओढायचं यंत्र, आणला. मी म्हटलं, "अक्षतांना हूवर लावायचा नाही."

"वहिनी, ते वाट बघतायत."

"बघू देत. चहा द्या त्यांना."

शेपूट उचलून लाकडी घोडीवर ठेवलं. भावजी बाहेरून कापडावर टिचक्या मारत होते, दाणे घरंगळत पुढे येत होते, आणि मी आत सीटांच्या जागी पालथी पडून ओल्या बोटाने टिपत होते. पिकरिंगसाहेबांनी चहा पीत विचारलं, "मंत्र म्हणायचा असतो का?" मी म्हटलं, "कंबर धरली की आपोआप येतो." टिपलेले दाणे बशीत ठेवले. साहेबांनी पुन्हा कोपरान् कोपरा आरशाने पाहिला आणि सही केली. जाताना म्हणाले, "मिसेसना सांगा, पुढच्या वेळी बाहेरून."

भावजींनी सही वाळेपर्यंत पाहिली. मग बशीकडे पाहिलं.

"ती मला विचारणार, अक्षता आहेत ना आत. मला खोटं बोलता येत नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे." त्यांनी पिशवीतून उजव्या, सुप्रभाच्या सीटची गादी काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि वर बशी ठेवली. "यात शिवून द्या, वहिनी. टाका बारीक घाला. पुढच्या वर्षी ते ओढून बघतील."