मावशीचं ओलं गोणपाट

विडीवर इतका राग आणि विडीपायी इतकी झीज, अशी बाई सगळ्या मुरबाड तालुक्यात दुसरी झाली नसेल. वैशाखऱ्याच्या रस्त्यावर एक वृद्धाश्रम होता. नव्वदच्या दशकात मी तिथे कारकून होतो आणि मावशी तिथली आया. विडीच्या वासानं तिचं डोकं उठायचं, तरी सगळ्या म्हाताऱ्यांच्या विड्या आणि आश्रमातली एकुलती एक काडेपेटी तिच्याच कनवटीला. दुपारी चारला म्हाताऱ्यांना जांभळीखाली ओळीनं बसवून ती प्रत्येकाच्या विडीला स्वतः काडी लावायची, थोटकं पाण्याच्या डब्यात बुडवून घ्यायची आणि मग एकेकाची उशी हुंगत फिरायची. एकदा तिनं माझा खिसाही हुंगला. "मावशी, मी सुपारीसुद्धा खात नाही हो!" मी कळवळून म्हणालो. "सगले असंच बोलतात," म्हणत तिनं दुसरा खिसा हुंगला.

तिचं खरं वाकडं होतं ते एका म्हाताऱ्याशी; सगळे त्यांना बाबा म्हणत. बाबा कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते. आता हातांना कंप, आणि त्याच हातात विडी. एक गोधडी जाळून झालेली. आश्रमाच्या विश्वस्तसाहेबांनी ठणकावलं, "आणखी एक भोक दिसलं की म्हातारा घरी!" आता घर कुठलं? बाबांच्या मागेपुढे कोणी नव्हतं. मावशी दिवसभर फणफणली. दुसऱ्या दिवशी तिनं भाताचं रिकामं गोणपाट बादलीत बुचकळलं आणि न्हावी टॉवेल बांधतो तसं बाबांच्या गळ्यात बांधलं. ते थेट गुडघ्याखाली आलं. बाबा कुडकुडत ओरडले, "मावशे, मला निमोनिया होईल गो!"

"होऊ दे. जळून तर नाय ना मरणार? ओढा गप!"

साहेब पाहणीला आले, तेव्हा नेमका बाबांच्या हातून निखारा पडला. गोणपाटावर चर्र झालं आणि विझला. साहेब खो खो हसले, आणि त्या हसण्यात त्यांच्याच सिगारेटची ठिणगी सफारीवर पडली. मावशीनं बाबांच्या गळ्यातलं गोणपाट ओढून साहेबांच्या मांडीवर दाणकन आपटलं. "साहेब असाल तुमच्या घरी. इथं गोणपाटाबिगर कोण ओढत नाय!" ओली पँट घेऊन साहेब गाडीत बसले. बाबांना घरी पाठवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पुढे बाबांना विडी धरवेनाशी झाली. मग मावशी पदर नाकाला लावून, तोंड भलतीकडे करून, त्यांच्या ओठांशी विडी धरायची. "आटपा लवकर, मला मळमळतं." बाबा मुद्दाम सावकाश ओढायचे.

बाबा गेले. दहाव्याला येणार कोण? मावशीनंच जांभळीखाली पानावर घास ठेवला. कावळा काही शिवेना. मग तिनं कनवटीची विडी काढली. काडी नेहमी तिचीच असायची, पण ओढायला बाबा असायचे. तिनं आयुष्यातला पहिला झुरका घेतला आणि खोकून खोकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पेटलेली विडी घासाशेजारी ठेवता ठेवता ती थबकली आणि माझ्यावर खेकसली, "बघतोस काय रं? गोणपाट भिजवून आण!"

मी पळत जाऊन आणलं. तिनं ते पानाखाली नीट अंथरलं, कोपरे सारखे केले आणि पदर नाकाला लावून पाठ फिरवून उभी राहिली. कावळा कधी आला, ते तिनं पाहिलंच नाही.