मामंजींच्या बाईसाहेब

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर चुका पदरात घ्याव्यात. पण एक गोष्ट मी अगदी छातीठोकपणे लिहिते, की जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी फुलाला अहो-जाहो करणारा माणूस एकच सापडेल, आणि तो म्हणजे आमचे चुलत सासरे.

मामंजी तसे कुणाचीच भीड ठेवणारे नाहीत. चुलत सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, ते लग्नापासून 'ए' म्हणतात. सरपंचाला अरे-तुरे करतात. सबंध आयुष्य त्यांनी द्राक्षाच्या छाटणीत घातलं आणि बागायतदारांना त्यांच्याच बागेत उभं करून झापलं. पण घरामागच्या शेडमध्ये शिरताना हाच माणूस चपला बाहेर काढतो, टोपी सरळ करतो आणि ऑर्किडच्या फुलासमोर हात मागे बांधून विचारतो, "काय बाईसाहेब, झोप झाली का?"

हे वेड लागलं ते भाचीच्या लग्नात. नारायणगावच्या एका लॉनवर स्टेजभर जांभळी फुलं लावली होती. मामंजींना ती प्लास्टिकची वाटली. म्हणून त्यांनी एक पाकळी नखाने टोचली, मग चावून पाहिली, आणि खरी निघाल्यावर अक्षता हातातच धरून मंडपवाल्याला शोधायला गेले. हे झाड मातीशिवाय, नुसत्या नारळाच्या काथ्यात आणि कोळशात जगतं, हे त्याच्याकडून ऐकलं आणि त्यांनी जेवणच सोडलं. नवरी सासरी गेली तरी हे मंडपवाल्यापाशीच बसलेले. काही दिवसांनी टोमॅटोच्या क्रेटमधून रोपं घरी आली, एकदोन तर फुलावर असलेली. आमच्या राजुरीतली माणसं बघायला आली. आंब्यावरचं बांडगूळ फुकट मिळत असताना हा माणूस ते विकत घेतो, असं म्हणून चहा पिऊन गेली.

मामंजींवर काही परिणाम झाला नाही. जुन्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल रोवून त्यांनी शेड उभी केली, वर हिरवी जाळी ताणली. उन्हाळ्यात कडेने ओली गोणपाटं लावली आणि आतल्या खोलीतला पंखा काढून शेडमध्ये टांगला. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मी लगीन झाल्यापासून पंखा मागतीया. ही काल आली आन् पंख्याखाली बसली." एकदा डिंभ्याला पाहुण्यांकडे गेले असताना वाऱ्याने मोडून पडलेली आंब्याची फांदी त्यांना दिसली. तिच्यावर रानातली आमरी होती, म्हणजे आपल्याकडचं ऑर्किडच. ती फांदी घेऊन ते एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, पावणं, सामान सीटखाली ठेवा. मामंजी म्हणाले, सामान नाही, तिकीट फाडा. आणि खरंच तिकीट काढून फांदीला खिडकीशी बसवलं, स्वतः मंचरपर्यंत दांडीला धरून उभे राहिले.

आता माझं सांगते. आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. पदर पुढे ओढायचा आणि भिंतीकडे सरकून वाट द्यायची. मला ते सोपंच जातं, कारण मी मुळात कुणाशीच फार बोलत नाही. आमची आणि मामंजींची भिंत एकच, तरी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्यात एक शब्द झाला नव्हता. पुढे ते छाटणीला बाहेरगावी जायचे तेव्हा शेडमध्ये पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. एकदा मी आत असतानाच ते परत आले. मी कोपऱ्यात सरकले. मामंजी फुलाकडे तोंड करून म्हणाले, "बाईसाहेब, आज पानी कुनी घातलं?"

मला काय सुचलं देव जाणे. मीही फुलाकडेच बघून म्हणाले, "म्यां घातलं म्हनावं. मुळं हिरवी व्हईस्तवर, जास्ती न्हाई."

मामंजींनी फुलालाच शाबासकी दिली. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. कुठल्या कुंडीला गोगलगाय लागली, कुणाला सावली हवी, आत्याबाईंचा गुडघा कसा आहे, सगळं बाईसाहेबांच्या मार्फत. नियम एकच होता, झाड फुलावर असलं पाहिजे. फूल आल्याशिवाय झाडाला कान फुटत नाहीत, असं मामंजींचं ठाम मत होतं. ऑर्किडचं फूल महिनोन् महिने टिकतं, त्यामुळे आमची अडचण होत नसे. दिवसभरात मी एवढी कुणाशीच बोलत नव्हते.

मग एका वावटळीत जाळी फाटली. ऊन थेट पानांवर येऊ लागलं. मामंजी फुलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, कुनाकडं जाळीपुरतं पैसं असलं तर इचारा की. फुलं इकून पुढल्या साली देऊ."

माझ्याकडे होते. अंडी विकून आणि ब्लाउजला हूक लावून शिलाई मशीनसाठी साठवलेले. मी ते आणून कुंडीतल्या काथ्यावर ठेवले. आमच्या मालकांना कळलं तेव्हा ते हसून म्हणाले, आता सुई-दोऱ्यावरच म्हातारी हो, चुलते फुलं विकतील तेव्हा मशीन येईल.

जाळी आली, झाडं वाचली. पण ऑक्टोबर लागला आणि मामंजींचे हात शिवशिवू लागले. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची छाटणी. ऑर्किडच्या जुन्या काड्यांची पानं गळून त्या नुसत्या काठ्या झाल्या होत्या. मामंजींनी कात्री काढली आणि बाग छाटावी तशा त्या सगळ्या काड्या बुडापासून छाटून टाकल्या. वर मला ऐकू येईल असं म्हणाले की आता बघा कशी फुटते ती. पुढे मंडपवाला सहज आला, शेडमध्ये वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्या पान गळालेल्या काड्यांवरच फुलं येणार होती.

त्या साली शेडमध्ये एक फूल नाही. विकायला नाही, आणि बोलायलाही नाही. मी पाणी घालायची, मामंजी गोणपाटं भिजवायचे, आणि दोघं मुक्याने बाहेर पडायचो. मशीनचं वाईट वाटत होतंच, पण घरात इतकी शांतता आहे हे मला त्याच वर्षी पहिल्यांदा कळलं. मामंजी तर मला बघून वाट बदलायचे.

पुढल्या ऑक्टोबरात त्यांनी कात्री आत्याबाईंच्या हवाली केली आणि मागितली तरी देऊ नको म्हणून बजावलं. त्यांनी दोनदा मागितली. आत्याबाईंनी ती पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. थंडी सरली आणि वर्षभरात नव्याने वाढून पानं गळालेल्या काठ्यांना डोळे फुटले, मग कळ्या, मग शेड जांभळी झाली. मामंजी आत आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाईसाहेब, लई दिसांनी." मी पदरात तोंड घालून हसले.

लग्नसराई आली. मंडपवाला भाव वाढवून मागत होता आणि मामंजी त्याला दारातूनच घालवत होते. पाहुणीला कुणी विकतं का, म्हणायचे. मी फुलांना सांगितलं की पैशाची घाई नाही म्हणावं. एका सकाळी बघते तर शेडमधली सगळी फुलं कापून गेलेली, नुसता एक पांढरा तुरा उभा. कुंडीत पैसे होते. मामंजी त्या तुऱ्याला म्हणाले, "थोडं कमी हायेत. ऱ्हायल्यालं बी देनार."

मला मनातून बरंच वाटलं. बाकी राहिली होती, तुराही राहिला होता. तो तुरा होता तोवर आम्ही रोज बोललो, आणि उरलेल्या पैशांचा विषय मी एकदाही काढला नाही.

लग्नसराईच्या शेवटाला मी पाण्याची झारी घेऊन आत गेले तर पांढरा तुराही नव्हता. मामंजी कात्री हातात घेऊन उभे होते. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी हिरवी पानं, कान असलेलं एकही झाड नाही. मग त्यांनी टोपी सरळ केली, खिशातल्या नोटा काढल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या सूनबाई. फिटलं का समदं?"

मी पदर सावरला. नोटा घेतल्या. भिंतीकडे सरकले नाही.

"व्हय मामंजी," मी म्हणाले, "फिटलं."