डोहात दिलेलं नाव

मुलचेऱ्याहून पुढे जाणारी एसटी एका नदीवरून जाते. पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला, खडकांच्या आड एक डोह आहे. त्या गाडीत बसायची वेळ आली की मी उजवीकडची खिडकी धरतो. नाही मिळाली तर पाठ करून उभा राहतो. बायको म्हणते, म्हातारपणी काय हा पोरखेळ! तिला मी कधी नीट सांगितलं नाही. त्या डोहात मी एका बाईला नवं नाव दिलं होतं, आणि माझ्या पक्क्या समजुतीप्रमाणे त्या नावामुळेच ती मेल्यावर आपल्या घरी परतू शकली नाही. मी आयुष्यभर प्रभूची सेवा केलेला माणूस आहे, अशा गोष्टी मी मानायला नकोत. पण मानतो.

नव्वदच्या दशकात मी सुवार्तिक होतो, गावोगाव ख्रिस्ताचा प्रचार करणारा. वय सत्तावीस, वाढलो चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत. बायबल शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, नाकावर माशी बसू न देणारा. संस्थेने मला एक सायकल दिली, एक ढोलकी दिली आणि जंगलातलं एक गोंड गाव दिलं. तिथे नवी मंडळी, म्हणजे चर्च, उभी करायची होती. इमारत मागून, आधी माणसं. पहिलं वर्ष माणसं आली ती ढोलकी ऐकायला. गाणं संपवून मी पुस्तक उघडलं की अंगण रिकामं. एक म्हातारा तर तोंडावर म्हणाला, "भाऊ, तुमी वाजवता चांगलं. मंग बोलता काऊन?"

उठून न जाणारी एकच बाई होती. तिशीची असेल. मी यायच्या आदल्या पावसाळ्यात तिची सात-आठ वर्षांची मुलगी तापाने गेली होती. येशूने मेलेल्या मुलीचा हात धरून तिला उठवलं, ती गोष्ट तिला पुन्हा पुन्हा ऐकायची असे. मी कंटाळायचो, ती नाही.

तिच्या घरी चुलीमागच्या कोपऱ्यात एक लहानसं गाडगं होतं. जेवताना पहिला घास ती त्याच्यापुढे ठेवी. ते काय, हे मला तिच्या नवऱ्याने समजावलं.

"आमच्या इथी माती देल्ली म्हणून माणूस सरत नाई, भाऊ. नदीवर जायचं, नाव घेऊन हाक मारायची. हाकेवर पाण्यातून जो जीव पह्यला हाती येईन, तेच आपलं माणूस. गाडग्यात घालून घरी आणायचं, मंग ते घरातच राह्यते. आमची पोरगी झिंगा होऊन आली. एवढुसा. पह्यल्याच हाकेले!"

सांगताना तो हसत होता. मुलगी शाळेतून पळत घरी आल्यासारखं.

दोन वर्षांनी सात जण बाप्तिस्म्याला तयार झाले. त्यांत ही बाई पहिली. नवरा म्हणाला, "मी राह्यतो मागं. गेलेल्या जुन्या माणसाइकडे पाह्यले कोणी पाह्यजे ना." मी बाईला अट घातली, गाडगं घरातून गेलं पाहिजे. ते कोपऱ्यात असताना प्रभू घरात येईल कसा? हे मी विचारलं होतं. प्रभूने कधी विचारलं नव्हतं.

"मंग पोरगी कुठी जाईन?" तिने विचारलं.

"प्रभूजवळ."

"तिथी तिले हाक कोण मारन?"

याचं उत्तर बायबल शाळेत शिकवलं नव्हतं. उत्तर नसलं की मी आवाज चढवायचो, तसा चढवला.

बाप्तिस्म्याच्या सकाळी ती गाडगं पदराखाली घेऊन डोहावर आली. मुलीला जिथून आणलं होतं तिथेच तिने ते पाण्यात सोडलं आणि त्याच पाण्यात कमरेएवढी उतरली. मी तिला बुडवलं, वर काढलं, पवित्र शास्त्रातलं एक सुंदर नाव दिलं. संस्थेत तेव्हा तशीच पद्धत होती. अहवालात जुनी नावं दिसली की वरचे साहेब नाक मुरडत. बाकीचे सहा जण हसत, कुडकुडत काठावर गेले. ती वळून वळून पाण्यात बघत राहिली. मला वाटलं, पायाला मासे लागत असतील.

पुढे मी आणखी एक शहाणपणा केला. लोक तिला जुन्याच नावाने हाक मारत. मी तिला बजावलं, "त्या नावाला ओ द्यायची नाही. ती बाई डोहात मेली." ती फार इमानी. तिने खरंच ओ देणं सोडलं. आईला नाही, शेजारणीला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तो बिचारा "अवं" म्हणून भागवू लागला. मी हे तिच्या विश्वासाची साक्ष म्हणून दुसऱ्या गावांत सांगत फिरलो.

तीन वर्षांनी तिला मलेरिया झाला, तो डोक्यात गेला. जीपमध्ये घालून आम्ही तिला गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच जीपमधून परत आणलं. दफनाला माझं प्रवचन चांगलं झालं. लोक रडले आणि मला समाधान वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा नवरा माझ्या दारात उभा. गुडघ्यापर्यंत ओला, हातात रिकामं गाडगं.

"तीन दिवस झाले, हाक मारून राह्यलो. येतच नाई."

"ती प्रभूजवळ आहे," मी म्हणालो.

"असन. पण मायी हाक तिले चालत नाई आता. तुमीच म्हनलं होतं तिले, जुन्या नावाले ओ नोको देऊ. ते तुमचं आयकते."

"मग नव्या नावाने बोलव."

"बोलावलं. माया तोंडून ते नाव दुसऱ्याच कोन्या बाईचं वाटते. ज्यानं नाव ठेवलं त्यानंच बोलवावं, भाऊ. तुमी चला. एक डाव हाक मारा. आली तं मी घेऊन जातो. तुमचं काई जात नाई."

खरंच माझं काही जात नव्हतं. नदी पाच मिनिटांवर होती. मी त्याला मूर्तिपूजेवर वचनं ऐकवली, एक नाही, चार. त्याने ती मान खाली घालून ऐकली. मग तो डोहाकडे गेला आणि गाडगं मांडीत घेऊन खडकावर बसला. माझ्या दारातून तो दिसत होता. दुपारपर्यंत मी दोनदा उठलो, दोनदा चपला घातल्या. मग दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

दहाएक वर्षांनी त्या मंडळीने मला पाहुणा म्हणून बोलावलं. आता तिथे पत्र्याचं चर्च होतं, तरणा पाळक होता, रविवारी अंगणभर चपला. बाप्तिस्म्यासाठी आम्ही नदीकडे निघालो तेव्हा त्या बाईची जुनी शेजारीण माझ्यासोबत चालत होती. मी तिच्याकडे त्या नवऱ्याची चौकशी केली.

"तो गेला ना मागच्या साली. तुमाले मालूम नाई? जाताना म्हने, मले हाका नोका मारू, घरी नोका आनू. त्या दोघी पाण्यातच हायेत. मले बी तिथीच राहू द्या."

"मग?"

"मंग काय. नाई आनलं. घर बी पडलं आता."

डोह तसाच होता. पाळक कमरेएवढ्या पाण्यात उभा, शेजारी विशीतली एक मुलगी हात जोडून. "या ना, पाणी कमीच आहे," तो म्हणाला. "नाव तुम्हीच द्या." काठाच्या खडकाला लागून बारीक झिंगे होते. त्या डोहात ते नेहमीच असतात, हे मला माहीत होतं. तरी माझा पाय उचलेना. मी काठावरूनच मुलीला विचारलं, "बाई, घरी तुला काय म्हणतात?"

तिने सांगितलं.

"तेच राहू दे," मी म्हणालो. पाळक गोंधळला. अहवालात काय लिहायचं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "तेच लिही," मी पुन्हा म्हणालो, आणि तिचं ते घरचं नाव मी तीनदा मोठ्याने घेतलं. मुलगी हसली आणि पाण्यात वाकली.

दुसरं एक नाव तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, आजही येतं. ते मी घेतलं नाही. ती माझं ऐकणारी बाई. हाकेसरशी आली असती, आणि तिला न्यायला आता घर राहिलं नव्हतं.