गडग्यापलीकडचा होकार

शेजाऱ्यावर प्रीती करा, असं आमचे फादर वर्षभर सांगत असतात. फादरना शेजारी नाहीत. त्यांच्या एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मला मात्र तात्या आहेत. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. त्यावरून माझे सुके बांगडे पलीकडे जायचे, त्यांच्याकडची कोकमं अलीकडे यायची. या वर्षी मे महिन्यात ही ये-जा बंद पडली आणि माझ्या प्रार्थनेतही काही राम उरला नाही. ख्रिस्ती बाईने असं म्हणू नये, पण आमच्याकडे असंच म्हणतात.

आमच्या वाडीच्या तोंडाशी, आमच्या अंगणाला लागूनच, एक जुना क्रूस आहे. दर मे महिन्यात एका संध्याकाळी तिथे आमच्या घरचं लदीन असतं. मेणबत्त्या लावायच्या, मारियामातेचं एकेक नाव घ्यायचं, प्रत्येक नावाला सगळ्यांनी मिळून ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं आणि शेवटी खोबरं घालून उकडलेले चणे वाटायचे. ख्रिस्ती घरं चारच, पण चणे खायला अख्खी वाडी यायची, आणि सगळ्यांत पुढे तात्या. ते देवळात गाऱ्हाणं घालणारे. तिथे एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं सोडणं त्यांच्या लेखी मोठं अशुभ. ही सवय इतकी मुरलेली, की मारियामातेच्या प्रत्येक नावालाही ते ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. फादरनी एकदा त्यांना बाजूला घेऊन नीट समजावलं. तात्यांनी त्यालाही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

यंदा लदिनाच्या थोडं आधी वाडीच्या मोबाइल ग्रुपवर एक मजकूर आला. ख्रिस्ती लोक खायला घालून बाटवतात, त्यांच्या हातचं काही घेऊ नका. टाकणारे तात्या. आलेलं सगळं ते चष्मा न लावता पुढे ढकलतात, हे मला ठाऊक होतं. तरी माझं डोकं फिरलं. गडग्याशी जाऊन मी विचारलं, माझे चणे खाऊन तुमचा धर्म नेमका कुठे सांडला? त्यांना काय चाललंय ते कळेना, पण चारचौघांत ऐकवल्यावर तेही इरेला पेटले. वाडीतल्या काहींनी मजकूर खरा मानला, काहींना आमच्याकडे बघायची लाज वाटू लागली. दोन्हींचा परिणाम एकच झाला, आमच्या अंगणात कोणी फिरकेना.

एरवी मी महिनाभर रुसून बसले असते. पण बस्त्यावला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लदिनाच्या दुसऱ्या दिवशी गोव्याच्या इस्पितळात न्यायचं होतं. हृदयाची शस्त्रक्रिया. त्याचं मागणं एवढंच होतं, की जायच्या आधी वाडीने एकदा आपल्यासाठी प्रार्थना करावी. सगळ्या वाडीने, चार घरांनी नव्हे. मी म्हटलं, चार घरं पुरेत, मी कोणाच्या दारात जाणार नाही. गर्व देवाला आवडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी त्याला स्वाभिमान म्हणत होते. पण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. लदिनाच्या सकाळी बघते तर सवयीने अख्ख्या वाडीपुरते चणे भिजत घातलेले.

संध्याकाळी चार घरांतली दोन लग्नाला गेली आणि तिसरं मुंबईहून आलंच नाही. क्रुसापुढे मी, खुर्चीत बस्त्याव, आमच्याकडे राहणारी माझी बहिरी नाताल मावशी आणि चण्यांचा टोप. लदीन नेहमी बस्त्याव गायचा. त्याला डॉक्टरांनी मनाई केलेली, म्हणून मी सुरुवात केली. माझा आवाज ऐकून समोरचं कुत्रं उठून गेलं. मावशी मनाला येईल तेव्हा मधेच काहीतरी म्हणायची. नाव घेऊन मी थांबायचे आणि पुढे नुसती शांतता. बस्त्याव वाडीतल्या बंद दारांकडे बघत होता. त्याचा चेहरा पाहून मी हातातलं लदिनाचं पुस्तक मिटलं आणि आपल्या बोलीत सरळ देवालाच म्हटलं, “माजो घोव उद्या इस्पितळात जाता. तेका बरो करून घराक हाड रे देवा.”

गडग्यापलीकडून आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

मग उघडेबंब तात्या पंचा सावरत बाहेर आले. राग अजून गेलेला नव्हता. म्हणाले, “गाऱ्हाणा असा वाऱ्यार सोडूचा नसता गो बाय.” आणि क्रुसासमोर हात जोडून त्यांनी स्वतःच सुरू केलं. हे खुर्सातल्या देवा, ह्या बस्त्यावाक बरो कर, डाक्टराच्या हाताक यश दी. आता दारं उघडू लागली. सवय ही काही एकट्या तात्यांचीच नव्हती. होकार वाढत गेला. न वाचता माज्या हातसून काय चुकला असात ता पदरात घे, असं ते खालच्या आवाजात म्हणाले, तेव्हा मला रडू आलं. त्यावर लगेच, ह्या बायच्या जिभेक वाईच लगाम घाल, असंही मागितलं. भरात मीही सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गेले.

चणे वाटताना एकाचा हात अडखळला. तात्या तोंड भरून खात म्हणाले, “इतकी वर्सां खातंय. पोट बिघाडला, धरम नाय.”

बस्त्याव बरा होऊन घरी आला. डॉक्टर हुशार होते, यात मला शंका नाही. मी मात्र भांडणाच्या त्या दिवसांत देवाकडे एकच मागत होते, की तात्यांना सुधार. देवाने तात्यांना सुधारलं नाही, ते अजूनही चष्म्याशिवाय मजकूर ढकलतात. पण माझ्या हातून मोठा टोप आणि त्यांच्या तोंडून होकार त्याने आधीच तयार ठेवला होता, आणि तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे. माझ्याकडून त्याला फक्त पुस्तक मिटून हवं होतं. रोज संध्याकाळी आता मी प्रार्थना जरा मोठ्याने म्हणते. देव काही बहिरा नाही, पण पलीकडे तात्या ओसरीवर बसलेले असतात.